बिनछपराची खोली

आमच्या दारात कोणी विव्हळत आलं की त्याला एकच प्रश्न विचारला जाई, "तुटलं काय?" तुटलं असेल तर जोडायचं, निखळलं असेल तर बसवायचं आणि यातलं काहीच नसेल तर माणसाला माठातलं पाणी पाजून घरी पाठवायचं. तिसरा प्रकार आमच्याकडे दुखण्यात धरतच नसत. आम्हा सहा भावंडांपैकी कोणी पडलं, रडत घरी आलं, तर अम्मी आधी हाड चाचपून बघे आणि मग म्हणे, "शाबूत हाय. रडाचं काम नाही." मग खरंच रडू थांबायचं. हाड मोडल्याशिवाय माणसाला दुखण्याचा हक्कच नाही, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. त्या समजुतीची किंमत आमच्याच घराला मोजावी लागली आणि ती चूक माझ्या आईबापांनी सगळ्या गावासमोर कशी कबूल केली, ते मला इथे लिहून ठेवायचं आहे.

अब्बा सुतार. ढाणकीत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. दारं, चौकटी, बैलगाडीची धुरं, बाजारातल्या दुकानांच्या फळ्या, असं त्यांचं काम. हाडं बसवणं हा आजोबांकडून आलेला हुन्नर, त्याचा मोबदला घ्यायचा नाही, असा घराचा रिवाज. पोट भरायचं ते रंध्यावर. सकाळी आठच्या सुमारास रंधा चालू झाला की त्याचा सरसर आवाज थेट चुलीपर्यंत यायचा. तो मध्येच थांबला की आम्ही समजायचो, कोणीतरी हात नाहीतर पाय घेऊन आलं आहे. शेतकरी असत, झाडावरून पडलेली पोरं असत, उमरखेडच्या रस्त्यावर सायकलवरून घसरलेले मास्तर असत. अब्बा कानावरची पेन्सिल काढून ठेवत, हात धूत आणि त्या माणसाला त्याच्या म्हशीबद्दल, लेकीच्या लग्नाबद्दल काहीबाही विचारायला लागत. तो उत्तर देण्यात गुंतला की खट् असा आवाज होई. माणूस ओरडे, अब्बा म्हणत, "झालं. आता वरडून काय फायदा?" आणि सगळे हसत.

बायका आल्या तर मात्र अब्बा हात लावत नसत. मधल्या खोलीला जाड पडदा होता. पडद्याच्या आत अम्मी, बाहेर स्टुलावर अब्बा. "हाड कुठी सरकलं?" अब्बा विचारत. "मनगटाच्या वर. बाहेरच्या अंगाले." "आंगठा धर. सरळ ओढ. हळूहळू नाही, एका दमात." सुरुवातीची काही वर्षं असं चाललं म्हणे. मी कळती झाले तोवर अब्बांना काही सांगावंच लागत नव्हतं. ते सवयीने पडद्याबाहेर बसत आणि आतून खट् आवाज आला की उठून रंध्याकडे जात. तरीही बाहेर नाव होतं ते मिस्त्रींच्या हाताचं. अम्मीच्या हाताला गावात वेगळं नाव नव्हतं, आणि याचं अम्मीला काही वाटत असेल असं मला तेव्हा कधी सुचलंही नाही. आज सुचतं. तिच्या बोटांना कातडीखालचं हाड दिसत असे.

बसवलेल्या हाडावर मैदालकडीच्या सालीची पूड आणि अंड्याचा पांढरा बलक यांचा लेप, वर कापूस, त्यावर बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या. जुळल्यावर माणसाने कामट्या धुऊन परत आणून द्यायच्या, असा रिवाज. त्या परत आलेल्या कामट्यांच्या जुड्या अब्बांच्या कामाच्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या असत. एखादा पाहुणा आला की अब्बा मुद्दाम त्या भिंतीकडे तोंड करून बसत. मोठं हाड मोडलेलं असेल तर अम्मी पायाचा रस्सा करून देई. बकऱ्याचे पाय पहाटेपासून चुलीवर रटरटत, मिऱ्यांचा वास गल्लीभर जाई. तो रस्सा आम्हा पोरांना वाटीवाटी मिळे. अम्मीच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाशी राहिलेलं पाणी, त्यात कुस्करलेली भाकर आणि जवसाची चटणी. दूध घरात येई ते पोरांत आणि चहात संपे. सहा बाळंतपणं आणि सहाही पोरं अंगावर वाढवलेली, त्या बाईने स्वतः दुधाचा पेला तोंडाला लावलेला मी पाहिलेला नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं आणि मागे अंगण. मी लहान असताना अंगण मोकळं होतं, असं अम्मी सांगे. काम वाढलं तसं अब्बांनी तिथे लाकूड रचलं आणि वर टिनाचं छप्पर घातलं. एका बाजूला रंधा-करवत, दुसऱ्या बाजूला बांबूच्या तट्ट्यापलीकडे अम्मीची चूल. दिवसभर पुरुषांची ये-जा, त्यामुळे अम्मी तट्ट्याच्या अलीकडे येत नसे. दुपारी टिन तापून कडकड वाजे, उन्हाळ्यात जीव नकोसा होई, पण उन्हाची तिरीप म्हणून आत येत नसे. दिवसाही चुलीजवळ चिमणी लावावी लागे.

मी आठवी-नववीत असेन, तेव्हापासून अम्मी चुलीपुढून उठताना खांब धरायला लागली. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी. चालताना डुलत चाले. माझी भावंडं तिची नक्कल करत आणि तीही हसे. रात्री मांड्या दाबून दे म्हणे. मी विचारलं, "अम्मी, काय होते गं?" तर म्हणाली, "हाडं ठणकून राह्यले. तुटलं तं काही नाही." बायकांचा हाडवैद्य ती स्वतःच. तिनेच निकाल दिल्यावर बोलायचं कोणी?

असा निकाल ती दुसऱ्यांनाही देत असे. गावातल्या एका मोठ्या शेतकरी घरची थोरली सून, सुमनबाई, एकदा सासूबरोबर आमच्याकडे आली होती. त्या घरच्या सुनांनी उंबऱ्याबाहेर यायचं नाही, असा त्यांचा कडक कायदा, म्हणून बंद गाडीतून आली. कंबर दुखते, मांड्या दुखतात, जिना चढवत नाही, अशी तिची तक्रार. अम्मीने पडद्याआड तिला तपासलं आणि बाहेर बसलेल्या सासूला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काही तुटलं नाही बाई. शाबूत हाय सगळं." सासू तोऱ्यात म्हणाली, "पाह्य, मी म्हणत नव्हती? कामाचा कंटाळा हाय निस्ता." जाताना सुमनबाईने अम्मीकडे वळून पाहिलं. ती नजर मला आजही आठवते. त्यानंतर त्या घरात सुनेने कण्हायचं म्हटलं की सासू म्हणे, "मिस्त्रीणबाईनं सांगतलं हाय, तुले काही झालं नाही." हे आमच्या कानावर येत होतं आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटत नव्हतं.

मग एका दिवाळीनंतर, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, अम्मी भाताचं पातेलं उतरवताना बसल्या जागी कलंडली. पडली म्हणण्याइतकीही उंची नव्हती. हात टेकला आणि मोडला. मी शेजारीच होते. आवाज ओळखीचा होता. तिने डाव्या हाताने उजवा हात चाचपला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नसीम, अब्बाले सांग. दोन्ही हाडं गेले." अब्बांनी त्या दिवशी पहिल्यांदा एका बाईचं हाड स्वतः बसवलं. तिला म्हशीबद्दल विचारता येईना, कारण आमच्याकडे म्हैस नव्हती. ते काहीच न बोलता ओढत होते आणि अम्मीच त्यांना सांगत होती, "अजून थोडं. आतल्या अंगाले. हां, बसलं."

हाड बसलं, पण जुळेना. दीड महिन्याने पट्टी सोडली तर हात मधून लवत होता. अब्बांनी पुन्हा लेप लावला, नव्या कामट्या तासल्या, पुन्हा बांधलं. आता पायाचा रस्सा रोज अम्मीसाठी शिजू लागला आणि मी तो शिजवू लागले. आणखी एक महिना गेला. फरक नाही. बाजारात कुजबुज सुरू झाली की मिस्त्रीच्या हाताचा गुण गेला. एका माणसाने मोडका पाय आमच्या दारावरून नेला आणि दुसऱ्या गावच्या हाडवैद्याला दाखवला. अब्बांनी ते पाहिलं आणि रंधा जरा जोरात चालवला. भिंतीवरचा एक खिळा त्यांनी अम्मीच्या कामट्यांसाठी मोकळा ठेवला होता. तो मोकळाच राहिला. अम्मीला मात्र वेगळीच भीती होती. एकदा वेणी घालून देताना ती मला म्हणाली, "हा हात गेला तं बायकांचं कोण पाहीन गं? तुह्या अब्बाजवळ त्या येणार नाहीत." तिचा जीव स्वतःच्या दुखण्यात नव्हताच, तो त्या पडद्यामागे होता.

एके दिवशी मी धीर केला. अब्बा चौकटीला खाच पाडत होते. मी म्हणाले, "अब्बा, अम्मीचा हात तुमच्याच्यानं नाही जुळणार. हातच नाही दुखून राह्यला तिचा. दोन सालापासून सगळे हाडं दुखून राह्यले. ती खांब धरून उठते, तुम्ही पाह्यलं नाही काय?" इतकं मी त्यांना कधी बोलले नव्हते. पटाशी त्यांच्या हातात तशीच राहिली. "मंग काय करू म्हणतं?" "पुसदले नेऊ. फोटो काढू हाडाचा." अब्बांनी पटाशी पुन्हा खाचेवर टेकवली. दोन दिवस ते त्या चौकटीवरच काम करत राहिले. हाडवैद्याने स्वतःच्या बायकोचा हात डॉक्टरकडे न्यायचा, तोही भरल्या एसटीतून, म्हणजे काय हे मला कळत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चला. गाडी चुकंन."

एसटीत ओळखीची माणसं असणारच. उमरखेडच्या अलीकडे रामराव नावाचे एक शेतकरी चढले. त्यांचा कोपर अब्बांनीच बसवला होता. समोरच्या बाकावर बसत त्यांनी मोठ्याने विचारलं, "मिस्त्री, आज रंधा बंद? कुठी निघाले?" मला वाटलं, अब्बा आता एखाद्या लग्नाचं नाव सांगतील. अम्मीने बुरख्याच्या आत मान खाली घातली. अब्बा म्हणाले, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बायकोचा हात दाखवाले पुसदले. मले नाही जमला." रामराव उठले आणि अम्मीच्या हाताला गर्दीचा धक्का लागू नये म्हणून तिच्या बाकाला टेकून उभे राहिले. पुसदपर्यंत ते तसेच उभे होते. मी आयुष्यात खूप माणसांना खूप मोठी कामं करताना पाहिलं, पण माझ्या बापाइतका ताठ बसलेला माणूस मी त्या दिवसानंतर पाहिला नाही.

डॉक्टर तरुण होते, मितभाषी. फोटो उजेडासमोर धरून त्यांनी विचारलं, "हाड कोणी बसवलं?" मीच म्हणाले, "अब्बांनी." मला वाटलं आता बोलणी बसणार. डॉक्टर म्हणाले, "बसवलंय चांगलं. मी यापेक्षा सरळ बसवू शकलो नसतो. पण हाडच कच्चं आहे, ते धरणार कसं?" मग त्यांनी अम्मीला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला उठता आलं नाही. ती उन्हात किती बसते, दूध किती पिते, बाळंतपणं किती, असं बरंच विचारलं. रक्त तपासायला घेतलं. शेवटी म्हणाले की ही हाडं मऊ पडण्याची व्याधी आहे. अंगाला ऊन मिळालं नाही की अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांपर्यंत पोचत नाही, त्यात बाळंतपणं, त्यात पोटात दूध-दही नाही. "फक्त तुमच्याच घरात असते असं समजू नका. ज्या घरात बाई दिवसभर आत राहते, त्या कोणत्याही घरात असते. वाड्यातही असते. आणि ही बरी होते." औषधाच्या पुड्या आणि चुन्याच्या गोळ्या लिहून दिल्या, दूध, दही, तीळ, अंबाडीची भाजी सांगितली आणि म्हणाले, रोज उन्हात बसवा. चेहरा, हात, पाय उघडे ठेवून. अब्बांनी सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "म्हंजे लाकूडच ओलं होतं. मी नुसता जोड पाहत बसलो."

परतताना बसस्थानकावर आम्ही आलूबोंडे खाल्ले. अब्बांनी आपला खाल्ला नाही. ते कागदाची पुडी हातात धरून बसले होते आणि एकदम अम्मीला म्हणाले, "तुह्यं ऊन मीच झाकलं." अम्मी म्हणाली, "पोट्टे उपाशी राह्यले असते तं काय केलं असतं? खा गुमान."

दुसऱ्या दिवशी गल्लीने पाहिलं ते असं. अब्बा शिडी लावून स्वतः घातलेल्या छपराचे पत्रे उचकटत होते. अर्ध्या अंगणावरचे सगळे टिन त्यांनी काढले. काम अर्ध्या जागेत आवरून घेतलं, लाकूड गल्लीत रचलं. मग मोकळ्या झालेल्या अर्ध्या भागाला त्यांनी चारी बाजूंनी सागाच्या फळ्या ठोकल्या, उंच माणसाच्याही डोक्यावर जातील इतक्या, आणि फटींवर पट्ट्या मारल्या. आतून कडी लागेल असं दार बसवलं. एका भिंतीला धरून उठायला दांडा लावला, तोही चार वेळा घासून, कुसळ लागू नये म्हणून. येणारेजाणारे विचारत, "मिस्त्री, छप्पर राह्यलं ना." अब्बा म्हणत, "राह्यलं नाही. काढलं."

आता मी म्हातारी झाले. परवा नातीने माझ्या हाडांची तपासणी करून आणली. माझी हाडं वयाने विरळ झाली आहेत, पडले तर खुब्याला धोका, असं निघालं. अम्मीची मऊ होती, माझी ठिसूळ आहेत. दोन्ही दुखणी वेगळी, हे मी चाळीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढल्यावर नातीला सांगू शकते. तिने न्हाणीघरात रबराची चटई घातली, मी रोज चालायला जाते, दूध पिते आणि डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घेते. न्हाणीघराच्या भिंतीला स्टीलचा दांडा बसवायला माणूस आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "बाबू, जरा खाली लाव. बसल्यावर हात पुरला पाह्यजे." दांडा कुठे लावायचा, हे माझ्या बापाने मला शिकवलेलं आहे.

छप्पर निघाल्यापासून अम्मी रोज त्या खोलीत बसली. ऊन चांगलं वर आलं की मी तिला आत नेई, आतून कडी लावी आणि ती बाह्या सारून, पदर मागे टाकून पाय पसरून बसे. पहिल्या दिवशी तिला लाज वाटत होती आणि डोळे उघडवत नव्हते. आठवड्याभरात ती तिथेच तांदूळ निवडायला लागली. दीडेक महिन्याने रात्रीचं मांड्या दाबून देणं थांबलं. पुढे एका सकाळी ती दांड्याला हात न लावता उठली. मी ओरडलेच. फळीपलीकडचा रंधा थांबला. "काय झालं?" अब्बांनी घाबरून विचारलं. अम्मी म्हणाली, "काही नाही. उठली मी." रंधा बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही. हातही हळूहळू धरला. पट्टी कायमची सुटली तेव्हा अम्मीने कामट्या स्वतः धुतल्या आणि अब्बांच्या हातात दिल्या, बाहेरच्या माणसाने द्याव्यात तशा. अब्बांनी त्या मोकळ्या खिळ्यावर टांगल्या.

त्याच आठवड्यात अम्मी मला म्हणाली, "बुरखा आण. सुमनबाईच्या घरी जाचं हाय." अम्मी कोणाच्या घरी जात नसे, लोक तिच्याकडे येत. मी म्हणाले, निरोप पाठवू. "निरोपाचं काम नाही हे." ती अजून थोडी डुलतच चालत होती. मी तिचा दंड धरला होता. त्या मोठ्या घराच्या ओसरीवर सासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या, सुमनबाई आतल्या दाराशी भिंतीला धरून उभी होती. अम्मी बसली नाही. म्हणाली, "बाई, मी तुमच्या सुनेले पाह्यलं होतं. काही झालं नाही म्हणलं होतं. ते मायं चुकलं."

सासूबाईंचा अडकित्ता थांबला. "तूच तं सांगतलं होतं."

"व्हय, मीच सांगतलं. म्हणून मीच आली. मले बी असंच होत होतं, मी माह्या हाडालेही शाबूतच म्हणत होती. आता मी काही ठरवत नाही. पुसदच्या डॉक्टरले दाखवा. पण ही बहाणा नाही करून राह्यली, एवढं मी कोणासमोरही सांगीन."

सुमनबाई भिंतीला धरूनच खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. माझ्या अम्मीने तिला त्या दिवशी शाबूत हाय, रडाचं काम नाही, असं म्हटलं नाही. ती शेजारी जाऊन बसली, हाडं चाचपली नाहीत, नुसता पाठीवर हात ठेवला. सासूबाई अडकित्ता खाली ठेवून गड्याला म्हणाल्या, "उद्या गाडी जुप. पुसदले जाचं हाय."

सुमनबाईच्या रक्तातही तेच निघालं. त्या घरात सुनेला उन्हात बसायला जागा होती, पण मुभा नव्हती, म्हणून ती बंद गाडीतून आमच्या खोलीत येऊ लागली. येताना तांब्याभर दूध आणी आणि अर्धं अम्मीला प्यायला लावी. मग गोधड्या शिवणाऱ्या सलमाआपा आल्या, मग आणखी कोणी. पूर्वी परत पाठवलेल्या बायका अम्मीने आठवून आठवून बोलावल्या आणि प्रत्येकीला पुसदच्या डॉक्टरांकडे धाडलं. फळ्यांच्या आत त्या पाय पसरून बसत, तीळ खात, वेण्या घालत आणि असं हसत की बाहेर अब्बांना रंध्याचा आवाज वाढवावा लागे. मोडलेली हाडं घेऊन माणसं पुन्हा आमच्या दारात आली. अब्बा बसवत, बांधत आणि मग म्हणत, "फोटो काढून घेजो. आतलं मले दिसत नाही."

एकदा मी शाळेतून आले तर त्या खोलीच्या दाराशी एक अनोळखी बाई अवघडून उभी होती. कडी वाजवावी की नाही, अशा विचारात होती. मी वाजवली. आतून अम्मीचा आवाज आला आणि माझं दप्तर खांद्यावरच राहिलं. जन्मापासून जो प्रश्न आमच्या घरात ऐकत आले होते, तो तिने विचारला नाही. तिने विचारलं, "ये बाई. कुठी दुखते?"